रुमाल टाकून ठेवलेले पत्ते

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये वायफायची एक तक्रार फार ओळखीची आहे. सकाळी सगळं सुरळीत चालतं. दुपारची बॅच येऊन बसली की नव्याने आलेल्यांचे फोन अडतात. रेंज पूर्ण, पासवर्ड बरोबर, आणि पडद्यावर नुसतं ‘आयपी पत्ता मिळवत आहे’. शेजारी सकाळपासून ठाण मांडून बसलेल्याचं लेक्चर मात्र अखंड चालू. मग कोणीतरी व्यवस्थापकाला सांगतं, राउटर बंद करून चालू केला जातो आणि सगळ्यांचं जुळतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंटरनेटवाल्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: “सर, प्लॅन वाढवून घ्या.”

प्लॅन वाढवून काही होत नाही, कारण इथे वेग कमी पडलेलाच नाही. संपलेत ते पत्ते. राउटरकडे वाटायला जितके आयपी पत्ते होते तितके देऊन झालेत, आणि त्यातले बरेचसे अशा फोनांच्या नावावर आहेत जे केव्हाच घरी गेलेत. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे हे पत्ते धरून ठेवलेले आहेत: जागा रिकामी दिसते, पण बसायची सोय नाही. फरक एवढाच की एसटीतला रुमालवाला मागून चढणार असतो. इथला आज परत येणारच नाही. त्याचा रुमाल किती वेळ तसाच राहू द्यायचा, हे ठरवणारा आकडा राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. त्याला ‘लीज टाइम’ म्हणतात. वायफायवर पत्तेवाटप नीट लावायचं म्हणजे बहुतांशी हा एक आकडा डोकं वापरून निवडायचा.

पत्ता मिळतो कसा

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा वेगळा आयपी पत्ता लागतो. एकच पत्ता दोघांकडे गेला तर दोघांचंही इंटरनेट अडखळतं. पूर्वी हे पत्ते माणसं हाताने भरत आणि कोणत्या यंत्राला कोणता दिला याची यादी सांभाळत. १९८५ साली ‘बूटपी’ नावाची पद्धत आली. तिच्यामुळे संगणक चालू होताना आपला पत्ता सर्व्हरला विचारू लागला, पण सर्व्हरकडची यादी माणसानेच भरलेली असे आणि एकदा नेमून दिलेला पत्ता त्या यंत्राचाच राही. ऑक्टोबर १९९३ मध्ये डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, म्हणजेच डीएचसीपी, प्रथम मांडला गेला. आज सगळीकडे चालतो तो त्याचा मार्च १९९७चा मसुदा. दोन्हींवर नाव आहे अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाच्या राल्फ ड्रॉम्स यांचं. बूटपीच्या संदेशाचा साचा त्यांनी तसाच ठेवला आणि पत्ता मुदतीने देण्याची सोय त्यात घातली. मुदत संपली आणि कोणी वाढवून मागितली नाही, तर पत्ता आपोआप मोकळा.

वायफायचं पहिलं प्रमाण, ८०२.११, त्याच वर्षी जूनमध्ये मंजूर झालं. म्हणजे डीएचसीपीचे नियम पक्के झाले तेव्हा त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक होतं टेबलावर ठाण मांडून बसलेला, वायरने जोडलेला संगणक. खिशातून येणारे आणि खिशातूनच निघून जाणारे शेकडो फोन नंतर आले.

फोन वायफायला जोडला जाताना आधी पासवर्डची पडताळणी होते. ती झाली तरी फोनला अजून पत्ता नसतो. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न टाकतो: पत्ते देणारं इथे कोणी आहे का? हा ‘डिस्कव्हर’ संदेश. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो ०.०.०.०, कारण स्वतःचा अजून मिळायचाय. आणि घेणाऱ्याचा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘जो कोणी ऐकत असेल तो’, कारण सर्व्हर कुठे आहे हे माहीत नाही. संदेशात फोनचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असतो, शिवाय फोनने मनानेच निवडलेला एक क्रमांक. एका वेळी वीसजण विचारत असले तरी आपलं उत्तर कोणतं, हे त्या क्रमांकावरून ओळखता येतं.

राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर उत्तर देतो: १९२.१६८.१.१३७ मोकळा आहे, हवा का? ही ‘ऑफर’. फोन म्हणतो, हाच द्या. ही ‘रिक्वेस्ट’. तीही सगळ्यांना ऐकू जाईल अशीच पाठवली जाते, कारण दुसऱ्या एखाद्या सर्व्हरनेही पत्ता देऊ केला असेल तर आपला घेतला नाही हे त्याला कळायला हवं. शेवटी सर्व्हरचा शिक्का, ‘अ‍ॅक’. त्याच्यासोबत बाकीचा सरंजाम येतो: नेटवर्क केवढं हे सांगणारा सबनेट मास्क, बाहेर जायचा रस्ता म्हणजे गेटवे, संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता आणि लीजची मुदत. मुदत सेकंदांत लिहिलेली असते. २४ तासांची असेल तर ८६४००.

हे चार संदेश सहसा डोळ्याची पापणी लवेपर्यंत होऊन जातात. सर्व्हरकडे मोकळा पत्ता नसेल तर तो बहुधा काहीच बोलत नाही. फोन साधारण ४ सेकंदांनी पुन्हा विचारतो, मग ८, मग १६, असं थांबत थांबत. ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं दिसतं ती हीच वाट बघण्याची वेळ. कंटाळून फोन ते नेटवर्क सोडून देतो. विंडोजचा लॅपटॉप मात्र १६९.२५४ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच घेऊन बसतो. तसा पत्ता दिसला की समजावं, वायफाय जुळलंय पण डीएचसीपीकडून उत्तर आलेलं नाही.

मुदतीचा हिशेब

मुदत अर्धी सरली की फोन त्याच सर्व्हरकडे जाऊन ती वाढवून घेतो, आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. उत्तर मिळालं नाही तर साडेसत्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर तो कोणत्याही सर्व्हरकडे मागणी करतो. २४ तासांच्या लीजमध्ये हे टप्पे १२व्या आणि २१व्या तासाला येतात. शेवटपर्यंत कोणीच मुदत वाढवली नाही तर पत्ता सोडावा लागतो.

जाताना पत्ता परत करायचा संदेशही नियमांत आहे, ‘रिलीज’. पण जिना उतरताना रेंज तुटलेल्या फोनला तो पाठवायची संधीच मिळत नाही. सर्व्हरच्या लेखी तो फोन अजून खोलीतच बसलेला असतो.

आता आकडे मांडून बघू. राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत मुळात १९२.१६८.१.१०० पासून १५० पत्ते वाटपाला काढलेले असतात, म्हणजे १०० ते २४९. तेवढेच पत्ते आपल्या अभ्यासिकेकडे आहेत आणि मुदत २४ तासांची आहे असं धरू. सकाळी ७ ते १२, दुपारी १२ ते ५ आणि संध्याकाळी ५ ते १० अशा तीन बॅच, प्रत्येकी ६० जणांच्या. प्रत्येकाकडे एक फोन, एक लॅपटॉप. सकाळच्या बॅचने १२० पत्ते घेतले. दुपारी ते सगळे निघून गेले, पण ७ वाजता घेतलेला पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी ७ पर्यंत त्यांच्याच नावावर. दुपारच्या १२० उपकरणांसाठी उरले ३०. म्हणजे ९० उपकरणं पत्त्याविना. संध्याकाळच्या बॅचला तर एकही नाही. आणि हे सगळं खोलीत एका वेळी जेमतेम १२० उपकरणं असताना.

मुदत एक तासाची केली तर? बसलेल्यांचे फोन दर अर्ध्या तासाला मुदत वाढवून घेत राहतील. १२ वाजता निघालेल्याने शेवटची वाढ साडेअकरा ते बारा या वेळात घेतलेली असणार, म्हणजे त्याचा पत्ता साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटेल. निघून गेल्यावरही रुमाल किमान अर्धी मुदत आणि जास्तीत जास्त पूर्ण मुदत राहतो, हे सूत्र ध्यानात ठेवलं की बाकीचा हिशेब सोपा होतो. तरी १२ ते १ या तासात आडमुठी गर्दी राहतेच: गेलेल्यांचे १२० आणि आलेल्यांचे १२०, पत्ते मात्र १५०. म्हणून मुदत कमी करण्याबरोबर पत्तेही वाढवावे लागतात. नियम एका ओळीचा आहे: आत्ता हजर असलेली उपकरणं आणि गेल्या एका मुदतीत निघून गेलेली उपकरणं, या दोन्हींच्या बेरजेपेक्षा पत्ते जास्त हवेत.

वाटपाची सुरुवात १० पासून करून शेवट २५४ वर नेला तर २४५ पत्ते होतात आणि २४० उपकरणं काठोकाठ बसतात. सैलसर हवं असेल तर सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५४.० करावा. मग १९२.१६८.०.१ ते १९२.१६८.१.२५४ असे ५१० पत्ते हाताशी येतात. मात्र ज्या प्रिंटरवर किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर पत्ता हाताने भरलेला असेल, तिथला मास्कही बदलायला विसरू नये. आणि नेटवर्क उगाच अवाढव्य करू नये. ‘सगळ्यांना’ म्हणून पाठवलेला प्रत्येक संदेश वायफायवर मुद्दाम कमी वेगाने जातो, म्हणजे सगळ्यांना तो नीट ऐकू यावा. माणसं वाढली की असे संदेश वाढतात आणि हवेतला वेळ खातात.

मग मुदत दोन मिनिटांचीच का ठेवू नये? कारण मुदत वाढवून द्यायला सर्व्हर जागेवर असावा लागतो. तो तीन मिनिटं अडकला तरी सगळ्यांचे पत्ते गळून पडतील. घरात माणसं आणि उपकरणं तीच ती असतात, तिथे २४ तास उत्तम. दिवसभर बसायच्या ऑफिसात ८ ते १२ तास चालतात. अभ्यासिका, दवाखान्याचा बाहेरचा हॉल, उपाहारगृह इथे अर्धा ते एक तास. मंगल कार्यालयात पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय ठेवून त्यालाही तेवढीच मुदत द्यावी.

बंद-चालू केल्यावर का चालतं

राउटर बंद करून चालू करण्याच्या उपायाला लोक हसतात, पण त्यामागे कारण आहे. दिलेल्या पत्त्यांची नोंद अनेक घरगुती राउटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की नोंद पुसली जाते आणि खोलीतले सगळे रुमाल एकदम उचलले जातात. पुन्हा वाटायला सगळे पत्ते मोकळे.

पण यात एक खोच आहे. वायफाय तुटल्यामुळे फोन पुन्हा जोडले जाताना आपला जुनाच पत्ता मागतात आणि नोंद नव्याने होते. कार्यालयातल्या वायरने जोडलेल्या संगणकाला मात्र मधला स्विच यूपीएसवर असेल तर राउटर बंद पडल्याचा पत्ताही लागत नाही. तो जुन्या पत्त्यावर काम करत राहतो आणि राउटर तोच पत्ता मोकळा समजून दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून शहाणा सर्व्हर पत्ता देण्याआधी त्यावर पिंग करून कोणी उत्तर देतंय का ते बघतो, आणि घेणारं उपकरणही वापरण्याआधी विचारून खात्री करतं. कोणी आधीच बसलेलं आढळलं तर ते ‘डिक्लाइन’ पाठवून दुसरा पत्ता मागतं. भारनियमनाच्या भागात राउटरलाही इन्व्हर्टरवर ठेवलं तर हा घोळ बराच टळतो.

एकच फोन, अनेक चेहरे

सर्व्हर फोनला ओळखतो तो मुख्यतः त्याच्या मॅक पत्त्यावरून. पूर्वी हा कारखान्यात ठरलेला आणि कायमचा असे. त्यामुळे दुकानांना किंवा जाहिरातदारांना एकाच फोनचा जागोजागी माग काढता येई. तो थांबवण्यासाठी २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट मॅक पत्ता सांगू लागले. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली तर हे डोळ्यांनी दिसतं. मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नाही, नंतर बनवलेला आहे.

बहुतेक वेळा एका वायफायसाठी हा बनावट पत्ता तोच राहतो, त्यामुळे फार बिघडत नाही. पण काही फोनांत तो ठरावीक काळाने बदलण्याची सोय आहे, आणि काही फोन नेटवर्क ‘फरगेट’ करून पुन्हा जोडल्यावर नवा मॅक घेतात. सर्व्हरच्या दृष्टीने हा नवाच पाहुणा: आधीचा पत्ता तसाच अडकलेला आणि त्याच फोनसाठी आणखी एक खर्ची. वायफाय अडलं की चिडून तीनदा ‘फरगेट’ करणारे लोक आहे त्या टंचाईत भरच घालत असतात.

प्रिंटर, डीव्हीआर यांचा पत्ता कधी बदलू नये असं वाटत असेल तर राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करावं: अमुक मॅक आला की तमुकच पत्ता द्यायचा. उपकरणावर जाऊन हाताने पत्ता भरण्यापेक्षा हे बरं, कारण सगळी नोंद एका जागी राहते. हाताने भरायचाच असेल तर तो वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा हवा, नाहीतर राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देण्याची शक्यता राहते. फोन किंवा लॅपटॉपसाठी रिझर्व्हेशन करायचं असेल तर त्यावर त्या वायफायपुरता खासगी मॅक आधी बंद करावा, नाहीतर केलेली नोंद वाया जाते.

एका नेटवर्कात दोन दाते

घरातला सगळ्यात नेहमीचा घोळ वेगळाच असतो. फायबरवाल्याने हॉलमध्ये बसवलेल्या डब्यातच राउटर आणि डीएचसीपी असतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून माणूस दुसरा राउटर आणतो आणि एका लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात वायर खुपसतो. आता एकाच नेटवर्कात पत्ते देणारे दोघे. फोनची हाक दोघांनाही ऐकू जाते आणि फोन साधारणपणे आधी आलेली ऑफर घेतो. कधी हॉलच्या डब्याचं उत्तर आधी येतं आणि इंटरनेट चालतं. कधी नव्या राउटरचं येतं. तो ‘बाहेरचा रस्ता माझ्याकडून’ असं सांगतो आणि त्याच्याकडे तर बाहेरचा रस्ताच नसतो. फोन ‘कनेक्टेड’ दाखवतो, पान उघडत नाही. त्यात दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर विचारायलाच नको. खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांमधला हाच पट्टा अनेक कंपन्या निवडतात, त्यामुळे ही टक्कर दुर्मीळ नाही.

नव्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा, काम झालं. नसेल तर क्रम महत्त्वाचा. वायर लावण्याआधी लॅपटॉप एकट्या नव्या राउटरला जोडून त्याचा पत्ता वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा, म्हणजे समजा १९२.१६८.१.२, करावा. मग त्यातला डीएचसीपी बंद करावा. त्यानंतरच हॉलमधली वायर त्याच्या लॅन पोर्टात लावावी. डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि सेटिंगचं पान पुन्हा उघडायला पत्ता हाताने भरत बसावं लागेल. मोठ्या जागेत असे चार अ‍ॅक्सेस पॉइंट लावले तरी पत्ते देणारा एकच ठेवावा. म्हणजे या मजल्यावरून त्या मजल्यावर जाताना फोनचा पत्ता बदलत नाही आणि चालू कॉल तुटत नाही.

या घोळाच्या मुळाशी डीएचसीपीचा भाबडेपणा आहे. उत्तर देणारा खरोखर आपलाच राउटर आहे का, हे फोन तपासत नाही. वसतिगृहात एखाद्याने खोलीतल्या नेटवर्कच्या सॉकेटला स्वतःचा राउटर उलटा जोडला की अख्ख्या मजल्याचं इंटरनेट बसू शकतं, तेही कुणाचा वाईट हेतू नसताना. हेतू वाईट असेल तर खोटा सर्व्हर आपल्या सोयीचा डीएनएस देऊन लोकांना नकली पानांवर नेऊ शकतो. मोठ्या संस्थांमधल्या स्विचवर ‘डीएचसीपी स्नूपिंग’ चालू करतात ते यासाठीच: ठरलेल्या पोर्टाशिवाय दुसरीकडून आलेली ऑफर स्विच पुढे जाऊच देत नाही. पाहुण्यांच्या वायफायवर एका फोनला दुसऱ्याशी थेट बोलू न देणारं ‘क्लायंट आयसोलेशन’ असतं, तेही चालू ठेवावं.

आयपीव्ही६ या नव्या पत्तेपद्धतीत पत्त्यांची टंचाई उरत नाही. तिथे एका साध्या नेटवर्काला ६४ बिटांची जागा मिळते आणि राउटरने जाहीर केलेल्या पूर्वपदाला स्वतःचे आकडे जोडून फोन आपला पत्ता आपणच बनवतो. पण बहुतेक राउटर आत्तापर्यंत बोललो ती जुनी पद्धत, आयपीव्ही४, सोबत चालवतातच, आणि त्या बाजूचा पत्ता मिळाला नाही तर जुन्या सेवा अडतात. तेव्हा मुदतीचा हिशेब एवढ्यात सुटत नाही.

तुमच्या जागी अडचण पत्त्यांचीच आहे की आणखी कशाची, हे ओळखायला एक साधी परीक्षा आहे. अडलेल्या एका फोनवर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’ ऐवजी ‘स्टॅटिक’ निवडा आणि वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा, कुणीच वापरत नसलेला पत्ता हाताने भरा. गेटवे राउटरचा, मास्क इतरांचाच. इंटरनेट लगेच सुरू झालं तर दोष पत्तेवाटपात आहे: मुदत कमी करा, पट्टा वाढवा आणि दुसरा दाता कुठे दडलाय का ते शोधा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञेच्या सविस्तर उत्तरात ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळच असते. तिथे आपल्या राउटरपेक्षा वेगळा पत्ता दिसला की चोर सापडला. हाताने पत्ता भरूनही इंटरनेट सुरू झालं नाही, तर मात्र दोष लाइनचा, राउटरचा किंवा रेंजचा, आणि कंपनीला फोन करायला हरकत नाही. परीक्षा झाल्यावर फोनवर पुन्हा ‘डीएचसीपी’ निवडायला विसरू नका, नाहीतर पुढे कधी पट्टा वाढवलात की राउटर तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो.